कानस उचलण्याआधी

थर चिकटवून केलेले धनुष्य साच्यातून निघते तेव्हा बहुधा देखणेच असते. मेपलच्या नाहीतर बांबूच्या पातळ पट्ट्या, दोन्ही अंगांना फायबरग्लासचा थर, मध्ये शिसवीची मूठ. कडेला वाळून कडक झालेले इपॉक्सीचे ओघळ उडवले, कडा घासल्या, टोकांना खाचा पाडल्या, की पहिल्यांदा दोरी चढते. खोट दिसते ती तेव्हा. मुठीच्या वरचे पाते छान गोलाईत वाकलेले असते आणि खालचे तसेच ताठ. या पात्यांना आपल्याकडचे तिरंदाज ‘लिंब’ म्हणतात, आणि दोन्ही लिंब सारखे वाकत नसतील तर बाकीची सगळी कारागिरी वाया जाते.

आता कारागीर काय करतो यावर त्या धनुष्याचे पुढचे आयुष्य ठरते. बहुतेक जण कानस उचलतात. ताठ पाते समोर दिसत असते, घासले की ते मऊ पडेल हेही ठाऊक असते, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. मग ते पाते जरा जास्तच मऊ पडते. मग दुसरे घासायचे. असे चार-पाच फेरे झाले की ४५ पौंडांचे म्हणून हाती घेतलेले धनुष्य ३५ पौंडांवर येते आणि पाती मात्र अजून जुळलेली नसतात. कारण दोष पात्यात नसतोच, किंवा जिथे असतो तिथे कानस पोचत नाही.

दार चौकटीला घासत असेल तर जाणता सुतार आधी चौकट ओळंब्यात आहे का ते बघतो; रंधा त्यानंतर. धनुष्याच्या बाबतीत हा क्रम मोडतो, कारण धनुष्य जुळवणे ही उपजत हातोटी असल्याचा समज पक्का आहे. ज्याला जमते त्याला जमते, बाकीच्यांनी नाद सोडावा, असे सर्रास ऐकू येते. हा समज चुकीचा आहे, आणि तो नव्या माणसाला या कामापासून दूर ठेवतो. असमान पाती हा मोजमापाचा प्रश्न आहे. कॅलिपर, फूटपट्टी आणि वही एवढ्यावर तो बहुतांशी सुटतो.

पट्टी वाकवायला किती जोर लागेल हे तिची रुंदी आणि जाडी ठरवतात, पण दोघींचा वाटा सारखा नसतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. जाडीचा परिणाम घनाच्या प्रमाणात वाढतो, आणि धनुष्य करणाऱ्याच्या निम्म्याहून जास्त अडचणी याच नियमातून येतात. मुठीजवळ पात्याची एकूण जाडी ९ मिलिमीटर धरू. एका पात्यात ती ०.१ मिलिमीटरने जास्त असली, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाइतकी, तर तिथला ताठपणा सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढतो. टोकाकडे जाडी साडेपाच मिलिमीटरवर आलेली असते. तिथे तोच एक कागद साडेपाच टक्क्यांचा फरक पाडतो. इतका फरक नुसत्या नजरेला पात्यात दिसत नाही. दोरी चढवली की वाकण्यात दिसतो.

लांबीचेही तसेच. मुठीपासून टोकापर्यंतचा जो भाग खरोखर वाकतो, तो ५०० मिलिमीटर असेल आणि दुसऱ्या बाजूला ४९०, तर आखूड पाते ढोबळमानाने सहा टक्क्यांनी ताठ निघते. दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढे अंतर. आखणी करताना पेन्सिल बोथट असली तरी त्यातले दोन-तीन मिलिमीटर जातात.

हे गणित नवे नाही. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी धनुष्य प्रयोगशाळेच्या शिस्तीने तपासले आणि १९३७ साली धनुष्य-बाणाच्या गतीवरचा त्यांचा लेख ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये आला. शतकानुशतके चालत आलेला इंग्लिश लाँगबोचा जाड, एका अंगाने गोलसर छेद ही काही उत्तम रचना नव्हे, सपाट आयताकृती पाते लाकडाकडून जास्त काम करून घेते, ही भूमिका त्यांनी मोजमापांच्या जोरावर मांडली. फॉरेस्ट नॅगलर आणि पॉल क्लॉपस्टेग यांच्यासह त्यांचे लेख १९४७ साली पुस्तकरूपात एकत्र आले. पुढे फायबरग्लास आल्यावर जे सपाट, थरांचे धनुष्य जगभर पसरले, त्याची वैचारिक पायाभरणी या मंडळींनी केली होती. परंपरेबद्दल त्यांना आदर होता. मोजल्याशिवाय मात्र ते कशावरही विश्वास ठेवत नसत, आणि आजच्या कारागिरानेही त्यांच्याकडून पहिल्यांदा हेच घ्यावे.

पण ‘समान’ म्हणजे नेमके काय, हेही आधी ठरवायला हवे. जपानी युमी हे बांबू आणि लाकडाचे थर चिकटवून केलेले धनुष्य सव्वादोन मीटरच्या आसपास लांब असते आणि त्याची मूठ मधोमध नसते. ती खालून साधारण एक तृतीयांश उंचीवर असते. वरचे पाते लांब, खालचे आखूड. तिसऱ्या शतकातल्या चिनी इतिहासग्रंथात जपानमधल्या लोकांच्या धनुष्याचे खालचे अंग आखूड आणि वरचे लांब असल्याची नोंद आहे, म्हणजे ही रचना निदान सतराशे वर्षे जुनी. ते करताना कारागीर चिकटवलेल्या थरांभोवती दोर गुंडाळतात आणि दोराखाली बांबूच्या पाचरी ठोकत ठोकत त्याला बाक देतात. प्रत्येक पाचर म्हणजे त्या जागेपुरता दाब कमीजास्त करण्याची सोय. दोन्ही अंगांची लांबी इतकी वेगळी असूनही ओढताना हे धनुष्य हातात डोलत नाही, कारण ताठपणाची वाटणी मुठीच्या जागेला धरून केलेली असते. तेव्हा समानता फुटपट्टीवरची नव्हे, हातातली हवी.

आपल्या नेहमीच्या धनुष्यातही हे लागू पडते. बाण धरताना एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली ठेवण्याची पद्धत असेल तर वरचे पाते किंचित मऊ ठेवतात. दोरी चढवल्यावर मूठ संपते तिथून दोरीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजायचे. वरचे अंतर खालच्यापेक्षा एक ते दोन सूत, म्हणजे तीन ते सहा मिलिमीटर, जास्त भरले तर ते बरोबर आहे. तिन्ही बोटे बाणाखाली ठेवणाऱ्याला दोन्ही अंतरे जवळजवळ सारखी लागतात. धनुष्य कोणासाठी आणि तो दोरी कशी धरतो हे न विचारता पाती ‘बरोबर’ करायला बसणे म्हणजे कामाची सुरुवातच चुकणे.

आता तपासणी. पहिला संशय धनुष्यावर घ्यायचा नाही. ते ज्या खुंटीवर टांगले आहे तिच्यावर घ्यायचा.

कार्यशाळेत भिंतीवर एक उभी फळी असते. तिच्यावरच्या खुंटीत धनुष्याची मूठ बसते, दोरीला हुक लावतात आणि तळाच्या कप्पीवरून दोर ओढत लांब उभे राहून पाती कशी वाकतात ते बघतात. मागे चौकटी आखलेला कागद लावला की फरक चटकन टिपता येतो. मुठीवर आधाराच्या जागी खडूने खूण करावी, धनुष्य ओढून बघावे, मग ते फिरवून टांगावे: डावे पाते उजवीकडे, उजवे डावीकडे, आधार त्याच खुणेवर. ताठपणा पात्याबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेला तर दोष धनुष्यात आहे. तो डावीकडेच राहिला तर खुंटी तिरकी आहे, हुक मध्यावर नाही, किंवा बघणारा माणूस एका बाजूला उभा आहे. फुकट आणि मिनिटभरात होणारी ही तपासणी किती तरी धनुष्यांना कानशीपासून वाचवू शकते.

आधाराची जागाही नीट ठरवावी लागते. नेम धरताना हाताचा दाब बहुतेक धनुष्यांत भौमितिक मध्याच्या थोडा खाली येतो आणि बोटे दोरीच्या मध्याच्या थोडी वर. फळीवर मात्र धनुष्य हमखास बरोबर मध्यावर टेकवतात आणि दोरीही बरोबर मध्यावर ओढतात. तिथे पाती सुरेख जुळतात, हातात घेतल्यावर खालच्या पात्यावर जास्त ताण येतो आणि तिरंदाजाला मूठ हातात कलल्याचे जाणवते. फळीवर हात आणि बोटे जिथे असतील तिथेच आधार आणि हुक हवा.

मग दोरी. दोन्ही टोकांच्या फासांची लांबी, खाचांची खोली, मुठीच्या मध्यापासून दोन्ही खाचांचे अंतर, सगळे टेपने मोजून लिहावे. नव्या धनुष्याची पाती ‘बसायला’ थोडा वेळ लागतो, म्हणून वीस-तीस वेळा अर्धवट ओढून, सोडून, मगच मोजावे. ओढून धरायचे आणि हळूच परत न्यायचे. बाणाशिवाय दोरी सोडायची नाही, त्याने पाते तुटू शकते.

इतके करूनही दोरीपर्यंतचे अंतर वर २०२ आणि खाली १८४ मिलिमीटर असे आले तर दोष खरोखर धनुष्याच्या पोटात आहे. आणि तो बहुधा चिकटवण्याच्या दिवशी शिरलेला असतो.

त्या दिवशी घाई असते. इपॉक्सी कालवल्यावर ते लावायला ठरावीकच वेळ मिळतो. फायबरग्लास, पट्टी, पट्टी, मूठ, पुन्हा फायबरग्लास, प्रत्येक पृष्ठभागावर गोंद, हातमोजे चिकट, आणि सगळा गठ्ठा साच्यावर ठेवायचा. ओले इपॉक्सी साबणासारखे निसरडे असते. साच्यावर पट्टी दाबली, वर रबरी होज ठेवून तिच्यात हवा भरली, की गठ्ठ्यातल्या पट्ट्या लांबीच्या दिशेने सरकू लागतात. बाहेरून काही कळत नाही. गठ्ठा प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलेला असतो.

या पट्ट्या एकसारख्या जाडीच्या नसतात, आणि घोळ तिथेच आहे. मुठीकडे जाड आणि टोकाकडे पातळ अशा त्या उतरत्या तासलेल्या असतात. दर इंचाला दोन हजारांश इंच हा नेहमीचा उतार. ३६ इंच लांबीत जाडी १.८ मिलिमीटरने उतरते. अशा दोन पट्ट्या एका पात्यात आहेत आणि दोन्ही एक इंच सरकल्या, तर त्या पात्याची जाडी सगळीकडे ०.१ मिलिमीटरने बदलते. तो झेरॉक्सचा कागद इथून आत शिरतो, आणि त्याच्यासोबत तीन ते पाच टक्के ताठपणा.

उपाय साधा आहे: गठ्ठा बांधण्याआधी प्रत्येक पट्टीवर मध्यरेषा आखायची, मुठीशी त्या रेषा जुळवून कडेला टेपने बांधायचे, आणि दाब मधून सुरू करून टोकांकडे न्यायचा. काही कारागीर गठ्ठ्याच्या मध्याशी, जो भाग पुढे मुठीत दडतो, तिथे बारीक खिळीने सगळे थर जखडतात. तेही चालते.

पण धनुष्य तयार होऊन हातात आहे; आता काय? आता कॅलिपर. मुठीच्या मध्यापासून दर ५० मिलिमीटरवर दोन्ही पात्यांवर खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेवर एकूण जाडी शंभरांश मिलिमीटरपर्यंत मोजून दोन रकान्यांत लिहायची. खुणेवरच्या दोन्ही कडांची जाडी वेगवेगळी घ्यावी; पिळाचे निदान पुढे त्याच आकड्यांवरून होते. अर्ध्या-पाऊण तासात तक्ता तयार होतो, आणि तो तक्ता बोलतो.

मुठीपासून टोकापर्यंत फरक जवळजवळ सारखाच राहिला असेल तर पट्ट्या सरकल्या आहेत. मुठीजवळ एक पाते पातळ आणि टोकाकडे तेच जाड निघाले तर एक उतरती पट्टी उलटी बसली आहे. हसण्यासारखी गोष्ट नाही, घाईत ती होते, म्हणूनच पट्टीच्या जाड टोकावर आधीच ठसठशीत खूण हवी. फरक एकाच जागी उसळून पुन्हा नाहीसा होत असेल तर तिथे गोंद साचला आहे, दाब पोचला नाही, नाहीतर साच्यावर उंचवटा आहे. साच्यावर वाळलेला इपॉक्सीचा एक थेंब राहून गेला तरी तेवढ्या भागाचा आकार बिघडतो, आणि तो साचा वापरून केलेल्या प्रत्येक धनुष्यात तीच खोट त्याच ठिकाणी येते. लागोपाठ दोन धनुष्यांचे खालचेच पाते ताठ निघाले तर तिसऱ्याला हात लावण्याआधी साचा तपासावा.

आणि तक्त्यात काहीच फरक नसला तर? तर मुठीकडे बघायचे. मुठीचा ठोकळा दोन्ही बाजूंना उतरत उतरत अगदी कागदासारखा पातळ होतो आणि थरांमध्ये विरून जातो. हा उतार दोन्हीकडे एकाच अंतरावर संपला पाहिजे. एका बाजूला तो दहा मिलिमीटर पुढे गेला तर त्या बाजूचे वाकणारे अंग तेवढे आखूड झाले, आणि लांबीचा घन आडवा आला. धनुष्य कडेने धरले की ही जागा लाकडाच्या रंगातून स्पष्ट दिसते. मोजायला पट्टी पुरते. मुठीचा ठोकळा तासताना ज्याने दोन्ही उतार एकाच नमुन्यावरून आखले, त्याला पुढे हा त्रास होत नाही.

मुठीतही दोष सापडला नाही तर शेवटचा संशय लाकडावर. एका पात्याची पट्टी एका फळीतून आणि दुसऱ्याची दुसऱ्या फळीतून काढली असेल तर जाडी हुबेहूब असूनही ताठपणा वेगळा पडतो. दोन्ही पात्यांच्या पट्ट्या एकाच फळीतून, शेजारशेजारच्या कापांतून काढाव्यात, ही जुनी रीत त्यासाठीच आहे. बांबूची पेरे दोन्ही बाजूंना मुठीपासून सारख्या अंतरावर यावीत, हाही तोच विचार.

कारण सापडले की दुरुस्तीला हात घालायचा, आणि इथे कानशीला तिची योग्य जागा मिळते. फायबरग्लासच्या धनुष्यात पात्याच्या तोंडाला, म्हणजे सपाट पृष्ठभागाला, कानस लावायची नाही. काचेचे सगळे धागे त्या पातळ थरात पात्याच्या लांबीने धावत असतात. ताण आणि दाब यांचा बहुतेक भार तेच उचलतात. तो थर १ ते सव्वा मिलिमीटरचा असतो. त्यातून दशांश मिलिमीटर गेला तरी ताठपणा तीन टक्क्यांहून जास्त घटतो आणि धागेही कापले जातात. कडेवरून मात्र हिशेब हातात राहतो. ३८ मिलिमीटर रुंद पात्यावरून एक मिलिमीटर काढला तर फक्त अडीच टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. म्हणून ताठ पात्याची रुंदी दोन्ही कडांनी सारखी, थोडी थोडी कमी करायची, कडांचे कोपरे मारायचे, दोरी चढवायची, वीसेक वेळा ओढायचे, मोजायचे, लिहायचे. मग पुन्हा कड.

घासल्याने ताठ पाते मऊ होते. मऊ पात्यात ताठपणा मात्र परत घालता येत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्ण खरा नाही. मऊ पात्याची दोरीची खाच काही मिलिमीटर आत घेतली की ते पाते आखूड होते आणि लांबीच्या घनाच्या हिशेबाने चटकन ताठ पडते. याने धनुष्याचा जोर घटत नाही, उलट किंचित वाढतो. फरक मोठा असेल तर आधी हा उपाय बघावा. मूठ अजून घडवायची बाकी असेल तर हाताची जागा थोडी सरकवूनही काम होते. युमीच्या कारागिरांना हे सगळे फार आधीपासून माहीत आहे.

पिळाचे प्रकरण वेगळे. पाती सारखी वाकतात, पण दोरी पात्याच्या मधोमध न राहता एका कडेला जाते. इथेही आधी खाचा एकमेकींसमोर आहेत का, साच्याचा पृष्ठभाग त्याच्या बाजूशी काटकोनात आहे का हे गुण्या लावून बघायचे. साचा एका अंगाला कललेला असेल तर सगळी पाती पिळलेलीच निघतील. साचा सरळ असेल तर तक्त्यातल्या कडांच्या आकड्यांवरून जास्त ताठ कड कोणती ते ओळखून तिच्यावरूनच, टोकापासून मधल्या भागापर्यंत, अगदी हलक्या हाताने काढायचे.

फायबरग्लासची भुकटी बारीक काचेची असते. ती कातडीला खाजते आणि फुप्फुसात गेलेली चांगली नाही. कामाला बसताना मास्क हवाच, आणि शक्यतो पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरावा. आपल्या छोट्या कार्यशाळांत याकडे दुर्लक्ष होते. ते थांबले पाहिजे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्याने असमान धनुष्यातून सुटलेला बाण बघावा. दोन्ही पाती एका वेळी घरी परतत नाहीत, त्यामुळे दोरीवरची बाणाची जागा सुटताना वर किंवा खाली ढकलली जाते आणि बाण हवेत शेपूट वर-खाली हलवत जातो. हाताला झटका बसतो. लक्ष्यावर बाण उभ्या रेषेत विखुरतात. आणि अशा वेळी सरावाच्या मैदानावर दोष दिला जातो तो मुलाच्या कोपराला, श्वासाला, एकाग्रतेला. धनुष्य मोजण्याचा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो.

महाराष्ट्राने याचा विचार करण्याचे खास कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले. त्यानंतर तिरंदाजी शिकायला येणाऱ्या मुलांच्या मनात काय असेल ते सांगायला नको. पण त्या मुलांच्या हातात पहिल्यांदा येते ते कंपाउंड नव्हे. आपल्याकडे राष्ट्रीय आणि शालेय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात बांबूचे धनुष्य लागते आणि ५० व ३० मीटरवर नेम धरायचा असतो. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरातले मूल या खेळात शिरते ते याच दारातून. परदेशी रीकर्व्हचा पूर्ण संच लाखाच्या पुढे जातो. बांबूचे धनुष्य चांगले हवे ते म्हणूनच; स्वस्त आहे म्हणून त्याची पाती कशीही वाकली तरी चालतील, हे पटण्यासारखे नाही.

साहित्य आपल्याकडे आहे. विदर्भात मानवेल आहे, कोकणात माणगा आहे. माणगा भरीव, सरळ आणि कमी काट्याकुट्याचा, म्हणून शेतकरी तो बांधावर लावतात. २०१७ सालच्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याच्या ‘वृक्ष’ या व्याख्येतून निघाला आणि शेतातला बांबू तोडण्या-नेण्यातली मोठी अडचण दूर झाली. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, कुडाळला कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर म्हणजे कॉनबॅक आहे. बांबू वाळवणे, चिरणे, थर चिकटवणे हे काम तिथल्या माणसांच्या हातचे आहे. आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम आहे. यांच्यापैकी कुठे तरी थरांच्या धनुष्याचा एक साचा आणि टांगण्याची एक फळी उभी राहायला हवी.

खर्च अवाढव्य नाही. प्लायवूडचे थर जोडून केलेला साचा, रबरी होज, हवा भरण्याचा पंप, इपॉक्सी उबेत वाळवण्यासाठी बल्ब लावलेली पेटी, हजार-दीड हजारांचा डिजिटल कॅलिपर. त्यापेक्षा मोठी गरज आहे ती माहितीची. माणग्याची आणि मानवेलची पट्टी किती ताठ निघते, सालीजवळच्या दाट धाग्यांचा थर किती जाड ठेवावा, कोकणातल्या पावसाळ्यानंतर बांबू दहा-बारा टक्के आर्द्रतेवर यायला किती दिवस लागतात, याचे तक्ते मराठीत तयार करून शिकणाऱ्याच्या हातात द्यायला हवेत. मेपलचे आकडे बांबूला लावून चालणार नाही.

आणि धनुष्य विकत घेणाऱ्या शाळांनी, क्रीडा कार्यालयांनी एक अट निविदेत घालावी. प्रत्येक धनुष्यासोबत दोन रकान्यांचा जाडीचा तक्ता, दोरी चढवल्यावरची वरची आणि खालची अंतरे आणि कोणत्या बोटपद्धतीसाठी ते जुळवले आहे याची नोंद असलेला एक कागद आला पाहिजे. मैदानावर धनुष्य उतरवून घेताना प्रशिक्षकाने ती दोन अंतरे स्वतः मोजून कागदाशी ताडून बघावीत आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजून त्याच कागदावर तारखेसह लिहावीत. अंतर दोन सुतांहून जास्त बदललेले दिसले तर धनुष्य कारागिराकडे परत जाईल आणि त्या मुलाला तोवर दुसरे मिळेल, एवढी सोय त्याच निविदेत असावी.